पणजीतला चार रविवारचा हायपरसॉनिक कोर्स: पाचपैकी साडेतीन स्टार

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. आयटीआय फिटर, कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये सतरा वर्षं प्लाझ्मा कटिंग बघतोय. त्यामुळे ‘हायपरसॉनिक उड्डाण आणि उच्च तापमानाचे वायू’ असल्या नावाच्या कोर्सला मी काय करायला गेलो असं कोणी विचारलं तर उत्तर एकच, भाचा. तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला रॉकेटचं वेड, आणि आमच्या ताईचं म्हणणं असं की पावसात एकट्याने स्कूटर घेऊन फोंड्याहून पणजीला जायचं नाही, मामा येत असेल तर जा. मग मामा गेला. फी माणशी ३,२०० रुपये, दोघांचे ६,४००, त्यात चहा, दुपारचं जेवण, नोट्स आणि शेवटी सर्टिफिकेट. कोर्स घेणाऱ्यांचं नाव लिहीत नाही कारण खाली थोड्या शिव्या पण आहेत.

हॉल अठरा जून रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर. जुलैचा पाऊस, छत्र्या ठेवायला जिन्यात एक बादली, ती साडेनवालाच भरलेली. चाळीस खुर्च्या, त्यातल्या सहा-सात डुगडुगणाऱ्या. एसी होता पण नेमका पहिल्या रांगेच्या डोक्यावर, म्हणजे पुढचे कुडकुडतायत आणि मागचे वहीने वारा घेतायत. लोक मात्र मजेशीर होते, निम्मी कॉलेजची मुलं, दोन-तीन शाळामास्तर, वास्कोहून आलेले एक नौदलातून निवृत्त झालेले काका, म्हापशाला दातांचा दवाखाना चालवणाऱ्या एक बाई (त्या का आल्या होत्या हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण प्रश्न सगळ्यात चांगले त्यांचेच), आणि मी.

पहिला तास अगदी वाया. स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवायचं, मॅक ५ च्या वर (म्हणजे ध्वनीच्या पाचपट वेगाच्या वर) हायपरसॉनिक, खाली सुपरसॉनिक, पुढची स्लाइड. मी भाच्याकडे बघितलं, भाचा मोबाइलकडे बघत होता. आणि अकराच्या सुमाराला लाइट गेली. इन्व्हर्टरवर फक्त दोन ट्यूब चालू, प्रोजेक्टर बंद, एसी बंद. सर जरा वेळ उभे राहिले आणि मग मार्कर घेऊन फळ्याकडे गेले, आणि खरं सांगतो, कोर्स तिथून सुरू झाला. माझा त्यांना एकच सल्ला आहे, प्रोजेक्टर विकून टाका.

त्यांनी फळ्यावर एक सोपा हिशोब मांडला. चंद्रावरून परत येणारं यान वातावरणात शिरतं तेव्हा वेग सेकंदाला साधारण ११ किलोमीटर. एक किलो हवा घ्या, ती यानाच्या नाकासमोर येऊन जवळजवळ थांबते असं धरा, तर तिची सगळी गतिज ऊर्जा उष्णतेत जाणार. अर्धा गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ६ कोटी ५ लाख जूल. एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण १,००० जूल लागतात. मग तापमान किती? सगळ्यांनी मोबाइल काढले, सरांनी ओरडून ठेवायला लावले, तोंडी करा म्हणाले. ६० हजार. पुस्तकातलं नेमकं समीकरण शॉकच्या (यानापुढे उभी राहणारी दाबलेल्या हवेची पातळ लाट) मागे लावलं तर ५८ हजार केल्विन येतं, म्हणजे आमचा तोंडी हिशोब काही वाईट नव्हता. सूर्याचा पृष्ठभाग ५,८०० च्या आसपास, म्हणजे त्याच्या दहापट. मग सर म्हणाले की प्रत्यक्षात तिथे ११,६०० च निघतं. बाकीचे ४६ हजार गेले कुठे?

इथे दंतवैद्य बाई म्हणाल्या, गळती असेल. सगळे हसले पण सर म्हणाले बरोबर दिशेला आहात, आणि मग त्यांनी फळ्यावर चक्क पगाराची स्लिप काढली. ग्रॉस ५८ हजार, हातात ११ हजार. मधल्या कपाती काय काय?

थर्मामीटरला जे कळतं ती फक्त रेणूंची धावपळ. पण नायट्रोजन काय, ऑक्सिजन काय, रेणू म्हणजे दोन अणू स्प्रिंगने बांधलेले, ते धावतात, गिरक्या घेतात, आणि तापमान ८०० केल्विनच्या वर गेलं की स्प्रिंगसारखे थरथरायला पण लागतात. त्या थरथरण्यात जी ऊर्जा जाते ती पहिली कपात. २,००० च्या वर ऑक्सिजनची स्प्रिंग तुटायला लागते आणि ४,००० पर्यंत बहुतेक सगळा ऑक्सिजन सुटा झालेला असतो, ही दुसरी. मग ४,००० च्या पुढे नायट्रोजन तुटायला लागतो, त्याचा जोड फार चिवट, तो ९,००० पर्यंत पुरतो. त्याच्याही वर गेलात की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, आयनीकरण. हे आकडे आपल्या नेहमीच्या वातावरणाच्या दाबाचे, वर जिथे हवा विरळ असते तिथे हेच सगळं जरा कमी तापमानाला होतं.

मग सरांनी कपाती जूलमध्ये मांडल्या, आणि हा भाग मी वहीत उतरवून घेतलाय. एक किलो हवेतला ऑक्सिजन पूर्ण तोडायला साधारण ३६ लाख जूल. नायट्रोजन तोडायला २ कोटी ६० लाख. म्हणजे सहा कोटींतले जवळजवळ तीन कोटी नुसते रेणू मोडण्यात गेले! उरलेल्यातले दीडेक कोटी थोडे अणू आयनीकृत करण्यात, आणि शेवटी जे दीड-एक कोटी राहतात त्यावर ११ हजार तापमान. जमाखर्च जुळला. भाच्याने तेवढ्यात हात वर केला, सर आम्हाला तर गॅमा १.४ धरायला शिकवलंय. सर म्हणाले, धरा की, परीक्षेत धरा, यानात बसणार असाल तर धरू नका. गॅमा म्हणजे दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर, आणि कपाती सुरू झाल्या की ते १.४ राहत नाही, खाली येतं. १.४ धरला तर शॉकच्या मागे हवा जास्तीत जास्त सहापट दाट होते, खऱ्या तापलेल्या हवेत त्याच्या दुप्पट-तिप्पटही होते, त्यामुळे शॉक यानाच्या नाकाला आणखी चिकटून बसतो.

ब्रह्मोसबद्दल कोणीतरी विचारणार हे ठरलेलंच होतं, नौदलवाल्या काकांनी विचारलं. सरांचं उत्तर मला आवडलं, कारण त्यांनी देशभक्तीचं भाषण न करता हिशोबच दिला. ब्रह्मोस मॅक ३ च्या आसपास, तिथे उंचावर नाकाजवळची हवा सहाशे-साडेसहाशे केल्विन, म्हणजे स्प्रिंग जेमतेम हलतेय, सगळा पगार हातात. तेच मॅक १० ला नेलं की कागदावर साडेचार हजारांवर जातं आणि कपाती सुरू. म्हणून मॅक ५ ही काही सीमारेषा आखून ठेवलेली नाही, हवा स्वतः बदलायला लागते तो पट्टा म्हणजे हायपरसॉनिक. ही एक गोष्ट जरी पहिल्या स्लाइडवर टाकली असती तरी पहिला तास वाचला असता.

दुपारचं जेवण: भाजी, आमटी, भात, सोलकढी, मासे मागायचे नाहीत असं कागदावर लिहिलेलं. सोलकढी पातळ. पुढे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण माझ्यासाठी पैसे वसूल झाले ते इथे. आमचं एअर प्लाझ्मा मशीन म्हणजे काय, कंप्रेसरची साधी हवा, तांब्याचा इलेक्ट्रोड, त्याच्या टोकाला हाफ्नियमचा मणी, पुढे मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर भोकाचं नोझल, मधून आर्क, म्हणजे विजेची सलग ठिणगी. त्या भोकातून जी ज्योत बाहेर पडते ती वीस हजार केल्विनच्या घरात. मण्याला दीड मिलिमीटर खड्डा पडला की इलेक्ट्रोड बदलायचा, नाहीतर टॉर्चचं डोकं जातं. हे सगळं मला झोपेत विचारलं तरी सांगेन. पण एक गोष्ट सतरा वर्षं मी नुसती पाळत आलोय आणि कारण माहीत नव्हतं. एअर प्लाझ्माने कापलेल्या कडेवर तसंच वेल्ड मारलं तर पिनहोल, म्हणजे बारीक भोकं येतात. कड आधी ग्राइंडरने चांगली मारून घ्यायची, मग वेल्ड. माझ्या उस्तादांनी मला सांगितलं, मी पोरांना सांगतो, का म्हणून विचारलं तर ‘एअर आत जाते’ असं म्हणायचं आणि पुढे चालायचं.

मी हात वर करून हे विचारलं. थोडी भीती होती, म्हटलं हे यानांबद्दल बोलतायत आणि मी पत्र्याबद्दल. पण सर इतके खूश झाले की मार्कर बाजूला ठेवून खुर्ची ओढून बसले. म्हणाले, तुम्ही रोज जे करताय ते इथल्या कोणीच डोळ्यांनी बघितलेलं नाही. नायट्रोजनचा रेणू आळशी असतो, लोखंडात सहजासहजी शिरत नाही. पण तुमच्या ज्योतीत रेणू राहतोच कुठे, सगळे सुटे अणू, आणि सुटा अणू वितळलेल्या लोखंडात पटकन विरघळतो. कड थंड झाली की तो तिथेच कोंडला जातो, नंतर तुम्ही वेल्ड मारून कड पुन्हा वितळवली की तो जोडी जमवून बुडबुडा होऊन निघायला बघतो, बाहेर पडायच्या आत वेल्ड गोठतं, झालं पिनहोल. आणि कापताना नाकात जो तो उग्र वास जातो ना, तो पण त्यातलाच, सुटा नायट्रोजन आणि सुटा ऑक्सिजन भेटले की नायट्रिक ऑक्साइड होतो, तो बाहेरच्या हवेत आणखी ऑक्सिजन घेऊन तपकिरी वायू होतो. यानाच्या भोवती पण हेच शिजत असतं.

सोमवारी शॉपमध्ये जाऊन मी हेल्परला हे सगळं रंगवून सांगितलं, तो ग्राइंडर बंद करून ऐकत होता, आणि शेवटी म्हणतो, ‘मागीर हें आदीं कित्याक सांगूंक ना?’ (मग हे आधी का नाही सांगितलं?) आता त्याला काय सांगू.

दुसरा रविवार माझ्या मते सगळ्यात कठीण आणि सगळ्यात चांगला. पगाराच्या स्लिपची उपमा सरांनी जरा जास्तच ताणली पण कामाला आली. मुद्दा असा की कपात व्हायला वेळ लागतो. शॉक ओलांडला की रेणूंची धावपळ दोन-चार टकरीतच वाढते, पण स्प्रिंग थरथरायला हजारो टकरी लागतात आणि तुटायला त्याहून जास्त. म्हणजे शॉकच्या अगदी मागे तापमान आधी भरमसाट चढतं, कारण अजून काही कापलेलंच नसतं, आणि मग उतरत जातं. साठ-सत्तर किलोमीटर उंचीवर हवा इतकी विरळ की टकरीच कमी, तोपर्यंत ती हवा यानाला वळसा घालून मागे निघून पण जाते. क्लार्क हिशोब करेपर्यंत माणूस नोकरी सोडून गेला. याला असंतुलन म्हणतात, आणि तिथे ‘तापमान किती’ या प्रश्नाला एक उत्तरच नसतं. धावपळीचं तापमान वेगळं, थरथरण्याचं वेगळं. नासाच्या एम्स केंद्रातल्या चुल पार्क यांनी १९८० च्या दशकात बसवलेली दोन तापमानांची पद्धत अजून वापरतात, त्यात रेणू किती वेगाने तुटणार ते ठरवायला दोन्ही तापमानांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ घेतात. भाच्याने विचारलं असं का, सर हसले, म्हणाले प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळतं म्हणून. मला हे प्रामाणिक उत्तर फार आवडलं. आमच्याकडे पण कटिंगचा स्पीड असाच ठरतो.

आणि मग पीएफ. कपात झालेले पैसे बुडत नाहीत, कुठेतरी जमा असतात. सुटे अणू यानाच्या अंगाला लागले आणि तिथे परत जोडी जमली तर तोडताना घेतलेली सगळी उष्णता तिथेच, भिंतीवर परत मिळते. म्हणजे पीएफ निघाला, पण नको त्या ठिकाणी. जोडी जमणार का नाही हे भिंतीच्या मालावर असतं. काही पृष्ठभाग जोडी जमवून देतात, काचेसारखा लेप बहुतेक अणूंना तसाच जाऊ देतो. शटलच्या टाइल्सवर बोरोसिलिकेट काचेचा लेप होता, आणि सुरुवातीच्या उड्डाणांत नासाने मुद्दाम काही टाइल्सवर जोडी जमवणारा लेप लावून बघितला, त्या टाइल्स शेजारच्यांपेक्षा जास्त तापल्या. हवा तीच, वेग तोच, फक्त लेप वेगळा. हे ऐकल्यावर मागच्या रांगेतले पण वारा घ्यायचे थांबले.

नाक बोथट का ठेवतात तेही त्याच दिवशी. टोकदार नाक हवा कापत जाईल असं आपल्याला वाटतं, पण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ज्युलियन ॲलन यांनी दाखवून दिलं की परत येणाऱ्या वस्तूचं नाक बोथट हवं, म्हणजे शॉक पुढे उभा राहतो आणि बरीचशी उष्णता हवेलाच जाऊन ती हवा मागे निघून जाते. नाकाची त्रिज्या चौपट केली की मधल्या बिंदूवर वाहून येणारी उष्णता निम्मी होते. फक्त फार मोठ्या वेगाला तापलेली हवाच इतकी चकाकते की त्या उजेडाने यान भाजतं, आणि तिथे मोठं नाक उलट महागात पडतं.

तिसरा रविवार. इथे मी दीड स्टार कापलाय आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. ‘संगणकावर प्रत्यक्ष गणना’ असं पोस्टरवर मोठ्या अक्षरात होतं. चाळीस लोक, एक राऊटर. सॉफ्टवेअर आधी डाउनलोड करून आणा असं कोणी कळवलं नव्हतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला तो सकाळी पावणेदहाला, आम्ही तेव्हा बाणस्तारीच्या पुलावर. बारा वाजेपर्यंत नुसतं इन्स्टॉल. सर त्या दिवशी नव्हते, त्यांच्या जागी एक तरुण मुलगा, हुशार असेल, पण हे इथे पेस्ट करा, एंटर मारा, ग्राफ आला का, आला, पुढे. ग्राफ कसला ते कोणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. माझ्याकडे लॅपटॉप नाही, भाच्याच्या खांद्यावरून बघत बसलो. दुपारनंतर दंतवैद्य बाईंनी उठून विचारलं की यात भिंत जोडी जमवणारी धरलीय का न जमवणारी, तर त्या मुलाने डिफॉल्ट आहे असं उत्तर दिलं. आदल्या रविवारी दोन तास ज्या गोष्टीवर घालवले ती गोष्ट डिफॉल्ट! सव्वातीनला सोडलं, पाचची वेळ होती. पैसे काही परत मिळाले नाहीत, विचारलं तर ‘पुढच्या रविवारी भरून काढू’.

नोट्सचं पण इथेच सांगून टाकतो. झेरॉक्सची झेरॉक्स, घातांक दिसत नाहीत, दहाचा सहावा घात का आठवा हे अंदाजाने. तापमानाच्या पुस्तकात हा अंदाज परवडत नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी थोडंफार खरंच भरून काढलं. सरांनी एक हाताने चालवायची शॉक ट्यूब आणली होती, बंगळूरूच्या आयआयएससीमध्ये (भारतीय विज्ञान संस्थेत) काम केलेले के. पी. जे. रेड्डी यांच्या नावाने ओळखली जाते तसली. दिसायला सायकलच्या पंपाचा मोठा भाऊ. दोन नळ्या, मध्ये ट्रेसिंग पेपरचा पडदा. एका बाजूने दट्ट्या जोरात दाबायचा, हवा दाबली जाते, पडदा फाटतो आणि दुसऱ्या नळीतून शॉक सुटतो. पहिल्यांदा सरांनी दाबला, टाळी वाजल्यासारखा कडक आवाज, खालच्या दुकानदाराने वर येऊन विचारलं काय झालं. मग मला दिली. दट्ट्या जवळजवळ तळाला जाईपर्यंत काहीच होत नाही, हाताला नुसता ताठ विरोध, आणि मग एकदम हात पुढे जातो आणि कानात बसतं. उघडून बघितलं तर कागद चार पाकळ्यांसारखा फुटलेला, मधोमध. तो कागद मी पाकिटात ठेवलाय. यातला शॉक ध्वनीच्या दीडपट वगैरे, म्हणजे यात हवा तुटत-बिटत नाही, ते सरांनी स्पष्ट सांगितलं, पण तत्त्व तेच. मोठ्या प्रयोगशाळांत याच कल्पनेवर शॉक टनेल चालतात, तिथे खरी तापलेली हवा मिळते पण मोजायला वेळ काही मिलिसेकंद. जास्त वेळ हवा असेल तर आर्क-जेट, म्हणजे मोठा आर्क पेटवून त्यातून हवा नेऊन नोझलमधून नमुन्यावर सोडायची, नासाच्या एम्समध्ये ६० मेगावॉटचा आहे. मी ऐकून म्हटलं हा तर आमच्या टॉर्चचा आजोबा, सर म्हणाले तसंच समजा. पण आर्क-जेट वेग आणि आकार नीट देत नाही, शॉक टनेल वेळ देत नाही, सगळं एकाच जागी देणारं यंत्र जमिनीवर नाहीच.

आणि त्याचं काय होतं याची गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. १२ एप्रिल १९८१, कोलंबिया शटलचं पहिलं उड्डाण. परत येताना नाक वर धरून स्थिर राहायला मागचा बॉडी फ्लॅप साधारण सात-आठ अंश लागेल असं सगळ्या विंड टनेलमधल्या (हवेच्या बोगद्यांतल्या) चाचण्यांवरून काढलेलं होतं. प्रत्यक्षात सोळा लागला, दुप्पट! जमिनीवरच्या चाचण्यांमध्ये मॅक नंबर मिळत होता पण हवा थंडच होती, रेणू शाबूत, सगळा पगार हातात. खऱ्या उड्डाणात कपाती झाल्या, यानाच्या पोटाखालचा दाब जरासा इकडचा तिकडे झाला, तेवढ्याने नाक वर उचललं जायला लागलं. नशीब की फ्लॅपमध्ये तेवढी जागा शिल्लक होती. आत दोन माणसं होती हो. वास्कोचे काका, जे चार रविवार काही ना काही बोलत होते, ते यावर गप्प बसले.

रेडिओ बंद पडण्याचं घाईत उरकलं, ते खरं तर जास्त हवं होतं. सुटा नायट्रोजन आणि सुटा ऑक्सिजन जुळताना एक इलेक्ट्रॉन सुटतो, असे इलेक्ट्रॉन पुरेसे झाले की यानाभोवती पडदा होतो आणि रेडिओच्या लहरी आत-बाहेर जात नाहीत. नासाने १९६७ ते १९७० मध्ये रॅम-सी नावाची तीन उड्डाणं फक्त हेच मोजायला केली, सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेग, आणि आजही कोणी नवीन गणिताची पद्धत काढली की आधी त्या जुन्या आकड्यांशी ताडून बघतात. आपल्याकडचं इस्रोचं एसआरई कॅप्सूल, जानेवारी २००७ मध्ये बारा दिवस कक्षेत राहून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरलं ते, आणि २०२० मधली डीआरडीओची स्क्रॅमजेटची (हायपरसॉनिक वेगाला बाहेरची हवा घेऊन चालणाऱ्या इंजिनाची) चाचणी, दोन्ही मिळून पाच मिनिटं. गोव्यात मराठीतून कोर्स घेताय तर हे अर्धा तास घ्यायला काय हरकत होती.

हो, मराठीचं सांगायचं राहिलं. कोर्स मराठीतून म्हणून जाहिरात होती आणि खरंच मराठीतून होता, मधे मधे कोंकणी. ‘विघटन’, ‘आयनीकरण’ असले शब्द फळ्यावर यायचे पण सर बोलताना ‘तुटणं’, ‘सुटणं’च म्हणायचे. भाच्याला इंग्रजीतून सगळं आधी शिकवलेलं, तो म्हणतो मामा मला व्हायब्रेशनल एक्सायटेशन तीन वर्षं पाठ होतं, थरथरतं म्हटल्यावर कळलं.

घ्यावा का? यूट्यूबवर इंग्रजीत या विषयाची लेक्चर्स फुकट पुष्कळ आहेत, नुसतं सर्टिफिकेट हवं असेल तर घेऊ नका, माझ्या सर्टिफिकेटवर ‘हायपोसॉनिक’ छापलंय आणि बदलून देतो म्हणून सांगून महिना झाला. कॉम्प्युटरवरची गणना शिकायला तर अजिबात नको. पण बारावीचं फिजिक्स आठवत असेल, किंवा वेल्डिंग, भट्टी, गॅस कटिंग असल्या गरम कामात असाल, तर सरांच्या तीन रविवारांसाठी जा, आणि ते स्वतः येणार आहेत ना हे चारही तारखांचं आधी विचारून घ्या. लॅपटॉप असेल तर सॉफ्टवेअर घरूनच टाकून न्या. मागच्या रांगेत बसू नका, आणि पहिल्यात बसलात तर स्वेटर न्या.

गाडी हॉलजवळ लावायला जागा नाही, रविवारीसुद्धा. आम्ही शेवटचे दोन रविवार कदंबानेच गेलो, स्टँडवरून चालत वीसेक मिनिटं. पुढची बॅच चवथीनंतर आहे म्हणतात. चौकशी करायची तर सकाळी दहाच्या आत फोन करा, त्यानंतर कोणी उचलत नाही.